किती फिटली?

कादंबरी कोथरूडच्या एका तरुण लेखकाची, नायिका बीडकडची ऊसतोड कामगार. तळमळ खरी होती, संवादांत 'नाही'चं 'न्हाई'ही कटाक्षाने केलेलं. तरी बाई काही केल्या उभी राहत नव्हती.

सदाशिव पेठेतल्या आमच्या कचेरीत लेखक आणि मी, त्याचा संपादक, हस्तलिखित घेऊन बसलो होतो. शेजारच्या टेबलावर अक्षरजुळणी करणाऱ्या ताई पाटोदा तालुक्यातल्या. त्यांचे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. न राहवून त्या म्हणाल्या, "सर, ही खिडकीत उभी राहून पाऊस बघते. कोपीला, म्हणजे तळावरच्या झोपडीला, खिडकी कुठली?"

खिडकी लगेच खोडली गेली. पुढचं मात्र अवघड होतं. मुकादम शिवी देतो तेव्हा नायिका स्वाभिमानावर परिच्छेदभर बोलते.

"मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना?" ताई म्हणाल्या. "नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ही बोलली तर दोघांचं काम जाणार, उचल डोक्यावर तशीच. एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापतात."

"मग ती गप्प बसते?"

"मोळी बांधते. आणि मनात हिशोब चालू, किती फिटली, किती राहिली."

संपादक म्हणून मला हे फार मोलाचं वाटलं. माणूस कशाला भितो आणि मनात कशाचा हिशोब करतो, ते लेखक बहुधा घरातूनच घेऊन येतो. त्याच हस्तलिखितात याचा पुरावा होता. नायिका पुढे पुण्यात धुणंभांडी करते, त्या घरातली आजी "या हो, बसा" म्हणत फरशीकडे बोट दाखवते आणि वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात चहा देते. जेमतेम दीड पान, पण त्यात एक शब्द हलवावा असं वाटलं नाही. ती आजी त्याने आयुष्यभर पाहिलेली.

म्हणजे परक्याबद्दल लिहूच नये का? मला तसं मुळीच वाटत नाही. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, पण धनगर नव्हते. 'बनगरवाडी'त (1955) त्यांनी धनगरांची वाडी दाखवली ती तिथे नव्याने आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेतून. मी लेखकाला तेच सुचवलं: गोष्ट त्या घरातल्या नातवाला सांगू दे. त्याला जेवढं दिसतं तेवढंच लिही, आणि तळावरच्या प्रकरणांसाठी एका हंगामात कारखान्यावर जाऊन राहा.

तो थोडा हिरमुसला. मग ताईंकडे खुर्ची वळवून त्याने विचारलं, "ताई, उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी काय होतं?" ताईंनी संगणक बंद केला आणि सांगायला सुरुवात केली.