खलबत्त्यातली गोळी

मला लहानपणापासून गोळी गिळता येत नाही. पाणी पोटात जातं, गोळी जिभेवरच राहते, विरघळून कडूजहर होते आणि उमासे येतात. पन्नाशीत शुगर निघाली, डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणाबरोबर मेटफॉर्मिन लिहून दिली. चांगली लांबलचक गोळी. या वयात 'गिळता येत नाही' कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले.

वेलदोड्याच्या खलबत्त्यात गोळी कुटून दह्यात कालवायची आणि डोळे मिटून खायची. बत्ता नळाखाली धरला की त्यावरची पूड बुळबुळीत व्हायची, घासली तरी लवकर निघायची नाही. पोट सारखं बिघडायचं, मळमळ तर रोजचीच.

शेवटी कोथरूडला आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये सहज बोलले. तिथला मुलगा एकदम थांबला. "काकू, ही एसआर आहे, कुटायची नाही!" स्ट्रिपवरची ती दोन अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती. एसआर म्हणजे 'सस्टेन्ड रिलीज', औषध हळूहळू सोडणारी गोळी. बत्त्याला चिकटणारा तो बुळबुळीतपणाच औषध तासन्‌तास थोडं थोडं सोडतो. कुटली की सगळं एकदम सुटतं. ॲसिडिटीच्या बऱ्याच गोळ्यांवरही पोटातल्या आम्लात टिकणारं आवरण असतं, त्याही फोडायच्या नाहीत, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. घास अडकतो का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे आधी विचारलं. तसं असतं तर घसा तपासावा लागला असता. साधी, म्हणजे एसआर नसलेली मेटफॉर्मिन दिवसभरात विभागून घेता येते, तिचा भुगाही चालतो, असंही म्हणाले. हे आधीच विचारलं असतं तर, असं फार वाटलं.

पण मला शिकायचंच होतं. त्यांनी बाटलीची पद्धत दाखवली. गोळी जिभेवर ठेवायची, मऊ प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड ओठांनी घट्ट धरायचं आणि हवा आत न जाऊ देता पाणी ओढत गिळायचं. बाटली चेपत जाते. कॅप्सूल मात्र पाण्यावर तरंगते, म्हणून तिला हनुवटी छातीकडे झुकवायची. मी जन्मभर मान मागे टाकत आले होते! जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१४ मध्ये या दोन्ही पद्धती तपासून पाहिल्या आहेत.

सराव भिजवलेल्या साबुदाण्यावर केला. आधी एक दाणा, मग दोन. तोवर साधी गोळी कुटूनच घेत होते, या वेळी डॉक्टरांना विचारून. तिसऱ्या आठवड्यात अख्खी गोळी ठेवली, बाटली ओढली. पाणी संपलं तरी मी जिभेने गालात, दातांमागे गोळी शोधत होते.