चवदार तळे : रूढीभंगापासून निकालापर्यंत

कायदेभंगाने कायदा बदलतो का, या प्रश्नाचा विचार करताना मला महाडचा सत्याग्रह सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी कायदा नव्हे, तर रूढी मोडली होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. कागदावरचा हा हक्क बजावताच मात्र लोकांना मार खावा लागला, आणि पुढे तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आले. याची आजही चीड येते.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले, पण सवर्णांनी केलेल्या दाव्यात कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम असल्याने आंबेडकरांनी तळ्यावर जाणे स्थगित केले. हा संयम मला पाण्याला हात लावण्याइतकाच धाडसी वाटतो. दावा नऊ वर्षांहून अधिक चालला. बंदीची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. पुढे भेदभावाला मनाई करणाऱ्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी आणि तलाव यांचा नावानिशी उल्लेख झाला.