ग्रहणात रेडिओ बंद पडतो का?

सूर्यग्रहण जवळ आलं की हा प्रश्न मला ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: बंद पडत नाही. उलट एरवी रात्रीच सापडणारी लांबची स्टेशनं भर दुपारी लागायला लागतात. एफएम ऐकणाऱ्यांना मात्र काहीच जाणवणार नाही, कारण त्या लहरी सरळ रेषेत येतात, आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरांवर, विसंबत नाहीत.

सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या हवेतल्या अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, त्यातून आयनांबर तयार होतं. त्यातला सर्वांत खालचा, साधारण 60 ते 90 किलोमीटरवरचा डी थर म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा जुना वैरी. लहर आली की तिथले इलेक्ट्रॉन डोलू लागतात, पण हवा तुलनेनं दाट असल्यानं ते रेणूंवर आदळत राहतात आणि लहर तिथेच जिरते. वारंवारता कमी तितकं हे जिरणं जास्त, म्हणून दिवसा मीडियम वेव्हवर जवळचंच काय ते ऐकू येतं. पण त्याच दाटीमुळे सूर्य झाकला की सुटे इलेक्ट्रॉन काही मिनिटांत पुन्हा जोडले जातात आणि डी थर विरळ होतो. अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, विरळ हवेत, एफ थर मात्र एवढ्या वेळात रिकामा होत नाही. लहर परतवणारा थर टिकतो, गिळणारा जातो.

मोबदला द्यावा लागतोच. एफ थरही थोडा अशक्त होतो, त्यामुळे वरच्या, म्हणजे जास्त वारंवारतेच्या बँडांवर (20 मीटर किंवा त्याहून छोट्या लहरींवर) चांगला चाललेला संपर्क मध्येच बसू शकतो. 40 आणि 80 मीटरच्या लांब लहरींवाले तेव्हा खुशीत असतात.

मला यातली जुनी भानगड जास्त आवडते. आयनांबर घडवतं कोण, सूर्याचा प्रकाश की तिथून येणारे कण? कण प्रकाशापेक्षा कितीतरी हळू येतात, त्यामुळे त्यांच्यापुरतं ग्रहण वेगळ्याच वेळी लागायला हवं. 31 ऑगस्ट 1932 च्या ग्रहणात मोजमापं झाली, तेव्हा खालच्या थरांतली घट डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहणाबरोबरच आली. प्रकाश जिंकला. एवढा मोठा दिवा ठरल्या मिनिटाला कुणीतरी झाकून द्यावा, असा प्रयोग माणसाला जमला नसता.

तुमच्या गावात ग्रहण दिसत नसेल तरी हरकत नाही. लहरीची वाट सावलीतून गेली की पुरे. फक्त एक करा: आदल्या दिवशी त्याच वेळी तोच बँड ऐकून टिपून ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. ग्रहण सुटेपर्यंत कानाला हेडफोन लावून बसलो, स्टेशनं भरपूर सापडली, आणि त्यातली रोजची कुठली नि ग्रहणाची कुठली, काही सांगता येईना.