आमची वाटचाल : टोचून बघितल्याशिवाय सही नाही

किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993 च्या हिवाळ्यात, लातूर-उस्मानाबादकडची तडकलेली घरं बघत फिरलो तेव्हा सोबत मामा होते. नात्यातले नव्हेत, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले मिस्त्री. जालन्यात आमचं इमारती तपासण्याचं ऑफिस निघालं ते त्यांच्या भिशीच्या पैशावर. पुढची बारा-पंधरा वर्षं कॉलम-बीम ठोकून बघण्यात गेली. ती सोडून देऊ.

सांगायचंय ते एका जिनिंगच्या छताबद्दल. मालक म्हणाले, "स्लॅब गळतोय." मामा शिडीवर चढले, सांध्यापाशी चुना खरवडला आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला. बोटाचं पेरभर आत! आत अनारशासारखी जाळी, खडीचा पत्ता नाही, दर दोन फुटांवर सांधा. स्लॅब कसला, एएसीच्या, म्हणजे हवेनं फुगवलेल्या हलक्या काँक्रीटच्या, सळईवाल्या पाट्या होत्या त्या.

हा माल ॲल्युमिनियमच्या पुडीनं फुगवतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर शिजवतात. वजन साध्या काँक्रीटच्या चौथाईच्या आसपास. पण साधं काँक्रीट सळईला धरतं तसं हे धरत नाही. सगळा भरवसा टोकाला वेल्ड केलेल्या आडव्या सळयांवर. तिथं गंज चढला किंवा पाटी भिंतीवर कमी टेकलेली असली, की ती टेकल्या जागी एकाएकी तुटू शकते. झोळ दिसेलच असं नाही.

दुसऱ्या एका फर्मनं त्याच छतावर रिबाउंड हॅमर (ठोका मारून त्याच्या उसळीवरनं काँक्रीटची ताकद सांगणारं यंत्र) फिरवला, 'सुस्थितीत' असं लिहून दिलं आणि गळतीवर चार इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, सुचवला. चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो! अहो, साध्या काँक्रीटच्या तक्त्यावरनं या जाळीचा आकडा वाचायचा? मी लेखी विरोध केला. कोबा पडला, आमचं बिल अडकलं, आणि 'हा माणूस भीती घालून कामं काढतो' असं एमआयडीसीभर झालं. चौदा महिने नवी फाइल नाही. माझी बुलेट गेली. काँक्रीटमधली सळई किती खोल ते दाखवणारा कव्हर मीटर मात्र मामांनी विकू दिला नाही. घरी नेऊन गव्हाच्या कोठीत ठेवला.

तेव्हा परभणीचे एक सरकीचे व्यापारी आले. म्हणाले, "गोड बोलू नका, खरं सांगा." त्यांच्या गोदामाला आम्ही पाटीगणिक दोरी ताणून झोळ मोजला, टेकण किती ते भोक पाडून बघितलं, खाली जॅक लावले. उन्हाळ्यात पाट्या उतरवून पत्रा चढवला. अजून दरवर्षी हुरड्याला बोलावतात, आणि खाऊन झालं की हातात टॉर्च देतात.

2018 साली इंग्लंडात केंटमधल्या एका शाळेचं असंच छत कोसळलं. सुट्टी होती म्हणून निभावलं. 2023 मध्ये तिकडे शंभराहून जास्त शाळांना इमारती किंवा वर्ग बंद करायला लागले. ती बातमी मी कापून ऑफिसात लावलीय. कुणासाठी, ते ज्याचं त्याला कळतं.

विचारलं नाहीत तरी सांगतो : जुन्या हलक्या छतावर कोबा, टाकी, सोलर काही चढवू नका. पंख्याच्या हुकासाठी पाटीला भोक पाडू नका. आणि भागीदार करायचा तर हातानं काम केलेला करा.

जिनिंगचं ते छत अजून पडलेलं नाही. लोक मला ते मुद्दाम ऐकवतात. न पडो बाबा, खाली माणसं काम करतात. पण बिल अजून यायचंय.