दुखायचं थांबलं तेव्हा

चवथीला आठ दिवस राहिले होते. फॉर्मलिनच्या डब्यातून ऑपरेशनने काढलेली एक डावी किडनी तपासणीसाठी माझ्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या, टेबलावर आली. फॉर्मवर लिहिलं होतं: बाई, वय 52, पेडणे तालुका, मधुमेह, मुतखडा, कॅन्सरची शंका.

वजन 610 ग्रॅम भरलं. निरोगी किडनी साधारण दीडशेची. सुरी घातली तर मध्येच कर्रकन अडली. आत हरणाच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला खडा होता, प्रत्येक कप्प्यात घुसलेला. तो उचलताच पू ओघळला. कप्प्यांभोवती किडनीचं मूळ मांस जवळजवळ उरलंच नव्हतं, होते ते पिवळेधमक गोळे. छातीत धस्स झालं, कारण किडनीचा नेहमीचा कॅन्सरही कापल्यावर असाच पिवळा दिसतो.

स्लाइड तयार झाल्यावर मात्र दिसल्या फेसाळ पेशी: जंतूंशी लढायला आलेल्या आणि चरबी गिळून फुगलेल्या. अशा लढाऊ पेशी ओळखणारा सीडी68चा स्टेन (रंग) गडद उमटला, किडनीच्या कॅन्सरमध्ये सहसा उमटणारा केराटिनचा या पेशींत कोराच राहिला. झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस, म्हणजे किडनीत मुरलेला जंतुसंसर्ग, कॅन्सर नव्हे. 1916 पासून माहीत असलेला हा आजार सीटी स्कॅनवर आजही भल्याभल्यांना चकवतो. तरी सही करण्याआधी मी सगळ्या स्लाइड पुन्हा पाहिल्या.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. कॅन्सर नाही म्हटल्यावर तो मटकन बाकावर बसला. मग मान वर करून म्हणाला, "डॉक्टर, मग किडनी काढली कशाला?"

प्रश्न रास्त होता. ऑपरेशनच्या धांदलीत त्याला हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. कुठली किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये ती किडनी जेमतेम 6 टक्के काम करत होती. उरला होता पुवाचा साठा. खड्यातच जंतू घर करून होते, तिथवर अँटिबायोटिक धड पोचत नाही. ठेवली असती तर जंतू कधीही रक्तात उतरले असते.

"पण आईचं दुखायचं थांबलं होतं," तो म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी कळा यायच्या. पानफुटीची पानं खाल्ली, थांबल्या. वाटलं, खडा पडला."

मी त्याला बरणीतला खडा दाखवला. कळा येतात त्या खाली सरकणाऱ्या लहान खड्याच्या. हा जागचा हलतच नव्हता, म्हणून गप्प होता. त्या सहा वर्षांत एकदाही सोनोग्राफी झाली नव्हती, आणि परत या असं त्यांना कुणी बजावलंही नव्हतं. ते मला अजून सलतं.

तो बराच वेळ बरणी हातात धरून होता. मग बाहेर जाऊन त्याने फोन लावला. "आई, कॅन्सर नाय गो... होय, खरंच नाय... पण उजवीची सोनोग्राफी आता दर सहा महिन्यांनी. नाय दुखलं तरी."