सापळ्यांचे एक्सपी दोन हप्त्यांत: सेशन १४ ते १७

आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ) चौदाव्या सेशनपासून सापळ्यांच्या एक्सपीचा (पात्राची लेव्हल वाढवणाऱ्या अनुभव-गुणांचा) नियम बदलला. आता चार सेशन खेळून झाली, म्हणून ही नोंद.

आमचं टेबल डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांवर चालतं. पार्टीत, म्हणजे पात्रांच्या गटात, चौघं, सगळे तिसऱ्या लेव्हलला. चौथी गाठायला ९०० वरून २,७०० वर जावं लागतं, म्हणजे माणशी १,८०० एक्सपी. राक्षसांचे एक्सपी स्टॅट ब्लॉकमध्येच (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीत) छापलेले असतात. सापळ्यांचे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने, आमच्यात मी) ठरवायचे.

मी आधी सोपं ठेवलं होतं: सापळ्यातून जिवंत निघालात की पूर्ण एक्सपी. तेराव्या सेशनला आमच्या बार्बेरियनने (दांडगट योद्ध्याचं पात्र) पुढे बाण सुटणार हे माहीत असूनही सापळ्याच्या दगडावर मुद्दाम पाय दिला, २डी१० डॅमेज (दहा बाजूंच्या दोन फाशांच्या बेरजेइतकी इजा) घेतलं आणि एक्सपी मागितले. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, नियमच त्याला पाय दे म्हणत होता. पण ‘रोग’ (rogue, कुलपं-सापळे हाताळणारं चोराचं पात्र) खेळणारी मैत्रीण गप्प बसली होती. कुलूप-सापळ्यांची तिची हत्यारं सलग तीन सेशन पिशवीतच पडून होती. ते मला लागलं.

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही धोका (सापळा वगैरे) निकामी करा, टाळा किंवा सोसा, एक्सपी तेवढेच. पण तिथे लेव्हलला १,००० लागतात आणि पार्टीच्याच लेव्हलच्या साध्या धोक्याचे मिळतात ८. तेवढ्यासाठी कोण अंगावर बाण घेईल? माझे आकडे मोठे होते, म्हणून घोळ झाला.

तिसऱ्या लेव्हलच्या सोप्या, मध्यम आणि कठीण लढाईचे माणशी आकडे ७५, १५० आणि २२५ आहेत. तेच मी सापळ्यांच्या तीन पायऱ्यांना लावले. अर्धे सापळा ओळखल्यावर. नुसतं ‘इथे काहीतरी आहे’ चालत नाही, तो कसा चालतो ते सांगायचं. उरलेले अर्धे तो न उडवता पुढे गेल्यावर. उडाला की दुसरा हप्ता बुडाला.

पंधराव्या सेशनला पहिल्यांदा मजा आली. अरुंद बोळ, फरशी कोरडी, पण कडेला धूळ नाही. एवढीच खूण दिली होती. रोग म्हणाली, “मी पखालीतलं पाणी ओततेय. कुठे जातंय?” पाणी फटीफटीतून पुढे सरकलं, तिसऱ्या फरशीच्या कडेला थांबलं आणि आत उतरलं. थोड्या वेळाने खालून थेंबांचा आवाज. तिने सांगितलं: फरशी मधल्या दांड्यावर फिरते, खाली खड्डा. एकही फासा न टाकता पहिला हप्ता! तो खड्डा ३० फुटांचा होता, दर १० फुटांना १डी६ प्रमाणे ३डी६.

पुढच्या सेशनला त्यांनी एका ओगरला (धिप्पाड राक्षसाला) पळवत त्याच फरशीवर आणलं. तो मेला नाही, अडकला. मात केली म्हणून त्याचे ४५० चौघांत वाटले. खड्ड्याचे परत दिले नाहीत, त्यावर थोडा वाद झाला. मी अजून त्याच मताचा आहे.

एक अडचण आली: सगळे प्रत्येक फरशी तपासायला लागले. म्हणून डी अँड डीच्याच १९८१च्या बेसिक नियमांतून वेळेचा हिशोब उचलला. एक टर्न १० मिनिटांचा, मशाल सहा टर्न, दर दोन टर्नांनी डी६ टाकायचा आणि १ आला की भटका राक्षस. सतराव्या सेशनला मशाल विझत आली तेव्हा कुठे तपासायचं हे ते आपसात ठरवायला लागले. खूण देणं मात्र डीएमचं काम, त्याशिवाय हा नियम अन्यायाचा होईल.

अठराव्याला पाण्याने भरत जाणारी खाण आहे. तिथे निकामी करण्यासारखं काही नाही. पाणी दर टर्नला एक फूट चढेल. भिंतीवरच्या ओल्या रेषेवरून त्यांनी तो वेग ओळखला तर पहिला हप्ता, कोरड्या पोटमाळ्यावर सगळे पोचले तर दुसरा.