आमची वाटचाल: एका ठिपकेदार माशाने बदललेला धंदा

आमच्या फर्मची सुरुवात मासे विकण्यापासून झाली नाही. आम्ही खाऱ्या पाण्याच्या टँकची देखभाल करायचो. पाणी बदलणं, स्किमरचा (पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राचा) कप धुणं, अल्कलिनिटी तपासणं, काचेवरचं शेवाळ खरवडणं, अशी सगळी कामं. मासे ग्राहकांनी स्वतःच कुठून कुठून आणलेले असत. त्यामुळे कोणता मासा किती टिकतो हे विक्रेत्यापेक्षा आम्हाला जास्त कळायचं. मासा पिशवीत बांधून दिला की विक्रेत्याचं काम संपतं, आमचं तिथून पुढे सुरू व्हायचं.

त्या दिवसांत आमच्या नोंदवहीत एक नाव सारखं यायचं, लेपर्ड रॅस. अंगभर ठिपके, क्षणभरही स्वस्थता नाही, खडकाचा एकेक कोपरा डोळे फिरवून निरखायचा आणि काहीतरी टिपून पुढे सरकायचं. फोटो पाहूनच लोक भुलत. प्रवाळांना हा मासा त्रास देत नाही. उलट चपटे कृमी आणि ट्रायडॅक्ना शिंपल्यांचा रस शोषणाऱ्या बारीक गोगलगाई वेचून खातो, म्हणून रीफ टँकवाल्यांना, म्हणजे प्रवाळ वाढवणाऱ्यांना, तर तो हवाच असतो. आणि नेमका हाच मासा थोड्याच आठवड्यांत जायचा. तोही गचाळ टँकमध्ये नव्हे, ॲक्रोपोरा प्रवाळ फोफावलेल्या, नायट्रेट-फॉस्फेट ताब्यात असलेल्या टँकमध्ये. "जातच नाजूक आहे" म्हणून लोक विषय संपवायचे.

मला ते कधीच पटलं नाही. जो मासा भरती-ओहोटीच्या लाटांत, वाळू आणि मोडक्या प्रवाळांच्या तुकड्यांत आयुष्य काढतो, तो नाजूक कसा? मेलेले मासे बारकाईने पाहिले की गोष्ट स्पष्ट दिसायची. पोट आत गेलेलं, डोक्यामागची पाठ वरून पाहिली तर सुरीच्या पात्यासारखी. रोगाने गेलेले थोडे, उपासमारीने गेलेले जास्त.

या माशांच्या प्रजातीचं, म्हणजे त्यांच्या अनेक जातींच्या गटाचं, शास्त्रीय नाव मॅक्रोफॅरिंगोडॉन. त्यांच्या घशात दाढांसारखे मोठे दात असतात. समुद्रात ते फोरॅमिनिफेरा नावाचे कवचधारी एकपेशीय जीव, इवल्या गोगलगाई, कोपेपॉड (इवले कवचधारी जलजीव) असलं बारीकसारीक खाणं दिवसभर टिपतात आणि ते कवच घशात भरडतात. एका वेळी पोटभर जेवण्याची त्यांची रीतच नाही. आता त्यांचा प्रवास बघा. पकडणाऱ्याकडून निर्यातदाराकडे, तिथून आयातदाराकडे, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. प्रत्येक ठिकाणी उघड्या काचेची टाकी, टिपायला काही नाही आणि दडायला वाळू नाही. घाबरला की वाळूत शिरायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं, म्हणून तो पिशवीच्या आणि टाकीच्या तळावर तोंड आपटत राहतो. ओठ सुजले की खाणं आणखी कमी. ग्राहकाच्या टँकमध्ये पोचेपर्यंत मासा निम्मा संपलेला असतो.

मधली ही पोकळी भरायची असं आम्ही ठरवलं. मासा आणायचा, वाळूवर ठेवायचा, खायला शिकवायचा, आणि मगच विकायचा. फर्मचा दुसरा टप्पा इथे सुरू झाला. माझ्या भागीदाराने पहिलाच प्रश्न विचारला होता, "म्हणजे माल घ्यायचा आणि आठवडेच्या आठवडे विकायचा नाही?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला बराच वेळ लागला, त्याकडे पुढे येतो.

क्वारंटाइनची टाकी म्हटली की सगळे पुस्तकी सल्ले एकच सांगतात: तळ मोकळा ठेवा, म्हणजे साफ करायला सोपं आणि औषधाला अडथळा नाही. लेपर्डला हे चालत नाही. रात्री वाळूत शिरल्याशिवाय त्याला झोप नाही. आम्ही प्रत्येक टाकीत एक पसरट डबा ठेवतो, त्यात 5 ते 7 सेंटिमीटर बारीक वाळू. ही वाळू सिलिकाची लागते. रीफ टँकमध्ये वापरतात ती ॲरागोनाइटची वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि ती पाण्यातलं तांबं (परजीवींवरचं औषध, कॉपर) स्वतःला चिकटवून घेते. मग कॉपरची मात्रा कितीही मोजून टाका, टेस्ट किटवर ती घसरलेलीच दिसणार. दाणा खडबडीत असेल तर अंगाला ओरखडे पडतात, म्हणून वाळू घेताना ती बोटांत चोळून बघायची सवय लावून घ्या. माशांची एक तुकडी गेली की डब्यातली वाळू टाकून द्यायची. त्यात कंजुषी करू नये.

कॉपरबद्दल आमचं धोरण लोकांना विचित्र वाटतं. क्रिप्टोकॅरिऑन (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) किंवा मखमली रोग दिसला तर आम्ही ते वापरतो, मात्रा हळूहळू चढवत. पण मासा खायला लागण्याआधी केवळ खबरदारी म्हणून नाही. रिकाम्या पोटी कॉपर म्हणजे आधीच मंदावलेली भूक आणखी मारणं. पोटातल्या जंतांसाठी आणि कल्ल्यांवरच्या फ्लूक कृमींसाठी प्राझिक्वान्टेल देतो, तेही तब्येत धरल्यावर.

आता घड्याळाची गोष्ट, कारण आमच्याकडे येणारे निम्मे फोन त्याबद्दलच असतात. "मासा टँकमध्ये सोडला आणि गायब झाला." गायब कुठे होणार, वाळूत आहे! नवा लेपर्ड दोन-तीन दिवस, कधी आठवडाभरही वर येत नाही. वाळू उकरून त्याला शोधणं हा सगळ्यांत वाईट उपाय. तो वर येतो तेव्हाही भलत्याच वेळी येतो, दिवे बंद असताना पहाटे, आणि भर दुपारी झोपायला जातो. कारण त्याचं शरीर अजून जिथून आला त्या समुद्राच्या सूर्योदय-सूर्यास्तावर चालत असतं. हे जुळायला वेळ लागतो, तोवर तो जागा असेल तेव्हा खायला देणं एवढंच आपल्या हातात.

म्हणूनच मासा कुठल्या समुद्रातला हे आम्हाला कळायलाच हवं असतं, आणि बिलावर बऱ्याचदा फक्त "लेपर्ड, मिक्स" एवढंच असतं. मग जात ओळखायला शिकलो. मेलिॲग्रिस सगळ्यांत परिचित, 1839 मध्येच तिचं वर्णन झालेलं. मादी पांढरट अंगावर काळे ठिपके, नर तांबूस अंगावर हिरवट ठिपके. ती पूर्व हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरात दूरवर पसरलेली, त्यामुळे तिच्यावरून ठिकाणाचा अंदाज लागत नाही. बायपार्टायटस मात्र पश्चिम हिंदी महासागरातली, जिओफ्रॉयी हवाई बेटांची, चोआटी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याची. जॉन रँडल या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये या प्रजातीचा सगळा आढावा घेऊन पाच नव्या जाती नोंदवल्या, चोआटी आणि ऑर्नेटस त्यातल्याच. मार्केसस बेटांजवळची पाकोको तर 2014 मध्ये नोंदली गेली. हा अभ्यास आम्ही हौसेने नाही केला. जात कळली की ठिकाण कळतं, ठिकाण कळलं की टाकीवरचे दिवे कधी लावायचे ते कळतं. पहिले काही दिवस आम्ही दिवे माशाच्या वेळेवर ठेवतो आणि मग रोज थोडे थोडे सरकवतो.

खाण्याचा प्रश्न सोडवताना आमचा धंदा खरा वळला. गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकलं तर नवा लेपर्ड त्याकडे ढुंकूनही बघत नाही. हलणारं काहीतरी हवं. सुरुवात नुकत्याच उबवलेल्या आर्टेमियाने (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाने) केली. पण दिवसभर टिपायला टाकीत सतत काहीतरी जिवंत असायला हवं होतं, म्हणून कोपेपॉडच्या बादल्या आल्या. आधी टिग्रिओपस, जेमतेम मिलिमीटरभर, लालसर, झटके देत पोहणारे, माशाच्या नजरेत लगेच भरणारे. मग टिस्बी, जे खडकाच्या भेगांत आणि वाळूत राहून पुनरुत्पादन करतात. त्यांना खायला फायटोप्लँक्टन (सूक्ष्म शेवाळ) हवं, म्हणून आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिसची हिरवी-तपकिरी पाण्याची नळकांडी आली, त्यांना हवा, त्यांना प्रकाश. वाळूत झोपणाऱ्या एका माशासाठी आम्ही शेवाळाची शेती करायला लागलो, यावर घरच्यांनी आमची भरपूर थट्टा केली.

कोपेपॉडच्या शेतीत कौशल्य कमी आणि शिस्त जास्त. जास्त खाद्य टाकलं की पाणी कुजतं, कमी टाकलं की संख्या कोसळते. एका भांड्यातून दुसऱ्यात एक थेंब जरी गेला तरी फायटोप्लँक्टनच्या नळकांड्यात कोपेपॉड शिरतात आणि ते चट्टामट्टा करून टाकतात. म्हणून प्रत्येकाची गाळणी वेगळी, नळी वेगळी, आणि संवर्धन नेहमी दोन ठिकाणी.

हीच भागीदाराच्या प्रश्नाच्या उत्तराची जागा. लेपर्ड नेणाऱ्यांना घरी गेल्यावरही कोपेपॉड हवे होते. ते बाटलीत भरून द्यायला लागलो. मग मँडरिन मासे पाळणारे आले, पाइपफिश पाळणारे आले, ज्यांनी आमच्याकडून कधी मासा घेतला नव्हता असे लोक फक्त बाटल्यांसाठी यायला लागले. आज माशांच्या विक्रीपेक्षा कोपेपॉड आणि फायटोप्लँक्टनवर फर्म जास्त तग धरून आहे. लेपर्ड आठवडेच्या आठवडे टाकीत थांबतो, खातो, जागा अडवतो, आणि त्याचा खर्च त्याच्याच खाद्यातून निघतो.

विक्रीचा नियम एकच. मासा गोठवलेलं खाद्य स्वतःहून, दिवसातून अनेकदा खायला लागला आणि पाठ भरली की तो विक्रीला. जिवंत आर्टेमियावरून माशांची अंडी, कॅलानस कोपेपॉड, मग बारीक चिरलेलं मायसिस असा तो प्रवास असतो. काही मासे लवकर वळतात, काही हट्टी असतात. ग्राहकासमोर खाऊन दाखवल्याशिवाय आम्ही मासा पिशवीत घालत नाही. घाईत असलेले लोक यावर चिडतात. चिडू देत.

आम्ही काहींना मासा नाकारतोही, हे इथे लिहून ठेवलेलं बरं. टँकमध्ये वाळूच नसेल तर नाही. वरची जाळी नसेल तर नाही, कारण हा मासा दचकला की उडी मारतो; 6 मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्राची जाळी पुरते. सिक्सलाइन रॅस आधीपासून राज्य करत असेल तर नाही. नवा लेपर्ड वाळूतून डोकं काढेल तेव्हा सिक्सलाइन त्याला परत आत पिटाळेल, आणि उपासमार पुन्हा सुरू. टँक महिना-दोन महिन्यांपूर्वीच लावला असेल तर थांबायला सांगतो. खडकांत कोपेपॉड वसलेले, सम्पमध्ये (खालच्या जोडटाकीत) कीटोमॉर्फा शेवाळ वाढलेलं रेफ्युजियम (कोपेपॉडचा आसरा), आणि दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालणारा माणूस किंवा यंत्र, एवढं असेल तर मात्र हा मासा वर्षानुवर्षं राहतो.

जोडी मागणाऱ्यांना आम्ही जोडी देत नाही, लहान माद्या देतो. हे मासे आधी मादी असतात. गटातली सर्वांत जोरकस मादी पुढे नर होते, रंगही बदलतो. जागा मोठी असेल तर दोन-तीन माद्या एकदम सोडाव्यात. दोन पूर्ण वाढलेले नर एका घरगुती टँकमध्ये कोंबू नयेत. आणि पहिला लेपर्ड असेल तर चोआटी मागू नका. तो दिसतो फार देखणा, पण माझ्या मते सगळ्यांत अवघड तोच. आम्ही तो फक्त आधी दुसरी एखादी जात नीट सांभाळलेल्यांनाच देतो.

बाजारात येणारे लेपर्ड जवळजवळ सगळे अजूनही समुद्रातून पकडलेले असतात, आणि पुढचं काम आम्हाला तिथेच दिसतं. आमच्या टँकमधला मेलिॲग्रिसचा गट संध्याकाळी वाळूत शिरण्याआधी वर झेपावत अंडी सोडतो. अंडी तरंगती आणि इवलीशी, त्यातून निघणाऱ्या पिलाचं तोंड इतकं लहान की आर्टेमियाची पिल्लंसुद्धा त्यात मावत नाहीत. जवळच्या नात्यातल्या मेलॅन्युरस रॅसची पिल्लं संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवून दाखवली आहेत, म्हणजे वाट आहे. अशा पिलांना लागतात पॅर्व्होकॅलॅनस नावाच्या कोपेपॉडची नवजात पिल्लं. त्यांचं संवर्धन आम्ही सुरू केलं आहे. ते टिग्रिओपसपेक्षा कितीतरी जास्त लहरी निघाले, दाटी अजिबात सहन करत नाहीत आणि आयसोक्रायसिस ताजं नसेल तर अंडी देणं थांबवतात. सध्या नळकांड्यांच्या खोलीतली निम्मी जागा त्यांनाच दिली आहे, आणि भागीदाराने यावेळी प्रश्न विचारलेला नाही.